‘फक्त २ शिल्लक’ : घाईच्या जाहिरातींबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात सणासुदीच्या जाहिरातींवर मी थोडं लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच दुखण्याची होती : माल संपत आलाय असं सांगून आपल्याला घाई का लावतात, आणि त्यातलं खरं किती? म्हणून या वेळी तेच प्रश्न एकत्र घेतले आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते, मी पुण्यात एका जाहिरात संस्थेत कॉपी, म्हणजे जाहिरातींचा मजकूर, लिहायची. कापड दुकानं, भांड्यांची दुकानं, बिल्डर, अधूनमधून नाटकवाले हे आमचे क्लायंट. तेव्हा पुढची उत्तरं काउंटरच्या आतल्या बाजूने दिलेली आहेत, असं समजा.

शॉपिंग ॲपवर मिक्सर बघत होते. खाली लाल अक्षरांत ‘फक्त २ शिल्लक’ आणि शेजारी उलटं चालणारं घड्याळ. घाईघाईत घेऊन टाकला. आठवड्याने मैत्रिणीला दाखवायला तेच पान उघडलं, तर अजूनही ‘फक्त २ शिल्लक’! हे लोक धडधडीत खोटं बोलतात का? आणि बोलत असतील तर तक्रार कुठे करायची?
— गृहिणी, मिरज

ताई, खोटंच असेल असं नाही, आणि खरी चलाखी तिथेच आहे. ‘फक्त २’ कोणाकडे, हे त्या ओळीत लिहिलेलं नसतं. एकच मिक्सर ॲपवर पाच-सहा विक्रेते विकत असतात. त्यातल्या एका विक्रेत्याच्या एका गोदामात दोन नग उरले, तर आकडा खरा. ते दोन गेले की तो पुन्हा भरतो, तरी आकडा खराच. तुम्ही मात्र वाचता की मिक्सर बाजारातून संपत आला. हॉटेलच्या खोल्यांचं असंच चाललं होतं. ‘शेवटची खोली!’ असं वाचून लोक बुकिंग करायचे, आणि तीच हॉटेलं दुसऱ्या साइटवर किंवा थेट फोनवर खोल्या देत असायची. शेवटी २०१९च्या डिसेंबरात बुकिंग डॉट कॉमने युरोपीय आयोगाला कबूल केलं की ‘शेवटची खोली’ म्हणजे फक्त आमच्या साइटवरची शेवटची, हे आम्ही स्पष्ट लिहू.

खरोखरीचं खोटंही भरपूर चालतं. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९मध्ये सुमारे ११,००० शॉपिंग साइट्स संगणकाकडून धुंडाळून घेतल्या. ग्राहकाला फसवून किंवा रेटून काहीतरी करायला लावणारी १,८१८ उदाहरणं त्यांच्या हाती लागली. काही घड्याळं शून्यावर आली की पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. काही ठिकाणी ‘आत्ता इतके जण हे बघत आहेत’ हा आकडा यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चक्क मनाला येईल तो, तयार होत होता. बघणारं कोणी नव्हतंच.

आमच्या वेळी हे काम ब्रोमाइडवर, म्हणजे छपाईसाठी काढलेल्या फोटो-कागदावर, चालायचं. एखाद्या कापड दुकानाचा सेल मंगल कार्यालयात लागणार असला की पहिल्या जाहिरातीच्या वेळीच आमचा आर्टिस्ट तीन पट्ट्या करून ठेवायचा : ‘आजपासून’, ‘शेवटचे दोन दिवस’ आणि ‘लोकाग्रहास्तव मुदतवाढ’. लोकांनी आग्रह धरायच्या आधी आग्रहाची पट्टी तयार! ती कात्रीने कापायची, रबर सोल्युशन लावायचं आणि आर्टवर्कवर तिरकी चिकटवायची. तिरकी, कारण सरळ पट्टीला घाई दिसत नाही. हॉल किती दिवसांसाठी घेतलाय हे दुकानदाराला आणि आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत असायचं, गिऱ्हाइकाला तेवढं नसायचं. तुमच्या ॲपवरचं घड्याळ या तिरक्या पट्टीचंच काम करतं, फक्त आता त्याला कात्री लागत नाही.

या युक्त्या चालतात का, तर चालतात, आणि शिकल्यासवरल्या माणसांवरही चालतात. १९७५मध्ये अमेरिकेत स्टीफन वॉर्चेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिस्किटांचा एक प्रयोग केला. काही जणांना दहा बिस्किटांच्या बरणीतलं बिस्कीट दिलं, काहींना दोनच बिस्किटं असलेल्या बरणीतलं. बिस्कीट एकच, तरी दोनच्या बरणीतलं लोकांना जास्त हवंहवंसं वाटलं आणि जास्त किमतीचंही वाटलं. सर्वात जास्त ओढ कधी वाटली? आधी दहाची बरणी समोर ठेवली, मग ती नेऊन दोनची आणली आणि सांगितलं की बाकीच्यांनी फार मागितली म्हणून न्यावी लागली, तेव्हा. म्हणजे नुसतं ‘कमी आहे’ एवढ्याने काम भागत नाही. ‘होतं, पण दुसऱ्यांनी नेलं’ म्हटलं की जीव खालीवर होतो. ‘गेल्या तासाभरात ४० जणांनी घेतलं’ ही ओळ तिथूनच येते. त्या प्रयोगातला मला आवडलेला भाग मात्र वेगळा आहे : दोनच्या बरणीतलं बिस्कीट चवीला जास्त चांगलं लागलं, असं लोकांनी म्हटलं नाही. मिक्सर घरी आल्यावर चटणी तेवढीच बारीक होते.

तपासायचं कसं? घड्याळ असेल तर तेच पान दुसऱ्या फोनवर किंवा ब्राउझरच्या खाजगी खिडकीत उघडा. तिथे ते नव्याने पहिल्यापासून सुरू झालं तर निकाल लागला. ‘२ शिल्लक’ असेल तर कार्टमध्ये ३ टाकून बघा आणि ‘इतर विक्रेते’ ही ओळ उघडा. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघणं ही सर्वात स्वस्त चाचणी, ती तुमच्याकडून आपसूक झालीच.

तक्रारीचं सांगते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे वर सांगितल्या तशा फसव्या युक्त्या, रोखणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार दिले आहेत आणि यादीत पहिलाच प्रकार आहे खोटी घाई. माल आहे त्यापेक्षा कमी असल्याचं भासवणं आणि खोटी लोकप्रियता दाखवणं, दोन्ही त्यात येतं. उदाहरण म्हणून त्यांनी दिलंय तेसुद्धा ‘दोनच खोल्या उरल्या, तीस जण बघत आहेत’ याच धाटणीचं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. फोन करण्याआधी दोन स्क्रीनशॉट हवेत, दोन वेगळ्या तारखांचे आणि दोन्हींत तोच आकडा. एका स्क्रीनशॉटने काहीच सिद्ध होत नाही, कारण त्या दिवशी खरंच दोन असू शकतात.

मिक्सर चांगला चालतोय का, ते मात्र तुम्ही लिहिलं नाहीत.

वर्तमानपत्रात ‘शेवटचे ५ प्रयोग’ वाचून धावत जाऊन तिकिटं काढली. नाटक अजून जोरात चालू आहे. नाटकवालेही असे?
— एक प्रेक्षक, डोंबिवली

‘लोकाग्रहास्तव’ हा शब्द आम्ही कापडवाल्यांसाठी वापरायचो तो नाटकवाल्यांकडूनच उचलला होता, तेव्हा मी त्यांच्या बाजूने काय बोलणार! तरी थोडी बाजू घेते. नाट्यगृहांच्या तारखा आगाऊ वाटल्या जातात, आणि मालिकांत अडकलेल्या नटांच्या तारखा त्याहून अवघड. त्यामुळे जाहिरात देताना निर्मात्याच्या हातात खरोखर पाचच तारखा असू शकतात. सहावी नंतर मिळाली तर तो ती सोडेल का? ‘हाऊसफुल्ल’च्या बोर्डाबद्दल मला आदर आहे. खुर्च्या मोजून ठेवलेल्या असतात आणि आत गेलं की कोणालाही त्या मोजता येतात. नाटक आवडलं का? मग तिकीट वाया गेलं नाही.

आम्ही दोघं पिंपरी-चिंचवडमध्ये २ बीएचके बघतोय. सेल्सवाला म्हणतो, ‘सर, तीनच फ्लॅट राहिलेत, आज टोकन दिलं तर ब्लॉक करून ठेवतो. पाडव्यानंतर रेट वाढणार. संध्याकाळी सहाला दुसरी पार्टी येतेय.’ भिंतीवरच्या तक्त्यावर सगळीकडे लाल टिकल्या होत्या. द्यावं का टोकन?
— नोकरदार जोडपं, रावेत

सहाची ती पार्टी मला चांगली माहीत आहे. मी कॉपी लिहायला लागले तेव्हापासून ती सहालाच येते.

टिकल्यांचं सांगते. आमच्या एका क्लायंटच्या साइट ऑफिससाठी माहितीपत्रकं, होर्डिंग, तक्ता आणि लाल टिकल्यांची पाकिटं, सगळं आमच्याच संस्थेतून जायचं. किती फ्लॅट विकले गेले त्या हिशेबाने पाकिटं मागवल्याचं मला आठवत नाही. पहिल्या दिवशी कोरा तक्ता दिसता कामा नये, एवढीच सूचना असायची. शिवाय यात एक गोष्ट पूर्ण कायदेशीर आहे आणि तीच जास्त परिणाम करते : बिल्डर सगळे फ्लॅट एकदम विक्रीला काढत नाही. आधी ए विंग, तीही खालचे मजले. त्यातले तीन उरले की ‘तीनच राहिले’ हे वाक्य खरं होतं. बी विंग महिनाभराने ‘ओपन’ होते, तेव्हा पुन्हा तीन उरेपर्यंत तोच खेळ. तुम्ही त्याला एवढंच विचारा : तीन कशातले? ओपन केलेल्यांतले की अख्ख्या प्रोजेक्टमधले? या प्रश्नावर तो चहा मागवेल.

तुमचं नशीब असं की मिक्सरचा आकडा विक्रेत्याच्या वहीत असतो, फ्लॅटचा मात्र सरकारी वहीतही असतो. रेरा कायद्याच्या कलम ११ प्रमाणे किती आणि कोणत्या प्रकारचे फ्लॅट बुक झाले, याची यादी बिल्डरला दर तिमाहीला महारेराच्या, म्हणजे राज्यातल्या बांधकाम नियामकाच्या, संकेतस्थळावर अद्ययावत करावी लागते. महाराष्ट्रात हे १ मे २०१७पासून सुरू आहे. ऑगस्ट २०२३पासून तर जाहिरातीत नोंदणी क्रमांकाबरोबर क्यूआर कोडही छापावा लागतो. साइट ऑफिसात बसल्या बसल्या फोनने तो स्कॅन करा आणि एकूण किती, बुक किती ते बघा. आकडा दोन-तीन महिने जुना असू शकतो. पण भिंतीवर नव्वद टक्के लाल आणि महारेरावर निम्मे रिकामे, असा फरक तिमाहीच्या उशिराने पडत नाही. मी तर म्हणते, फोन त्या सेल्सवाल्याच्याच समोर धरा आणि त्यालाच समजावून सांगायला सांगा. त्याच्या वयाच्या मुलाला राग येईल असं काही बोलू नका. तोही महिन्याच्या टार्गेटवर असतो, तक्ता त्याने लावलेला नाही.

टोकन द्यायचंच असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. कलम १३ प्रमाणे विक्री करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. आणि महारेराने अलॉटमेंट लेटरचा नमुना ठरवून दिला आहे. त्यात पहिल्या १५ दिवसांत बुकिंग रद्द केलं तर काही कापायचं नाही, असं आहे. तुम्हाला मिळणाऱ्या पत्रात हे कलम आहे का, ते चेक देण्याआधी वाचा. नंतर वाचून उपयोग नाही. नुसत्या पावतीवर, ‘लेटर उद्या मेल करतो’ म्हणत असतील, तर पैसेही उद्याच द्या.

रेट वाढण्याचं म्हणाल तर तो खरंच वाढू शकतो, बरेचदा वाढतोही. मग आजचा रेट कोणत्या तारखेपर्यंत चालेल ते त्यांच्या लेटरहेडवर मागा. लेखी मिळालं तर तुम्हाला विचार करायला तेवढे दिवस मिळाले. नाही मिळालं तर पाडव्यानंतर तुमच्या मेहुण्याला फोन करायला सांगा. त्याला कोणता रेट सांगतात आणि ‘तीनच राहिलेत’मध्ये तुम्ही पाहिलेला पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट येतो का, ते ऐका.

तुम्ही आजच्या मुलांना सावध करता, पण आमच्या वेळी चेतक स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. शोरूमच्या किमतीपेक्षा वापरलेली स्कूटर महाग जायची. तेही मार्केटिंगच होतं म्हणायचं का?
— निवृत्त बँक अधिकारी, सातारा

काका, तुमचा प्रश्न मला सर्वात आवडला. नाही, ते मार्केटिंग नव्हतं. तो तुटवडा परवान्याने केलेला होता. १९७२मध्ये चेतक आली, आकुर्डीच्या कारखान्यात बनायची. वर्षाला किती बनवायच्या हे मात्र दिल्लीत ठरायचं. कंपनीचे प्रमुख राहुल बजाज उघड म्हणायचे की परवान्यापेक्षा जास्त स्कूटर बनवल्याबद्दल तुरुंगात जावं लागलं तरी माझी तयारी आहे. विकणारा जास्त विकायला तडफडतोय आणि घेणारा पैसे घेऊन उभा आहे, असा हा तुटवडा. कोणी परदेशातला नातेवाईक परकीय चलनात पैसे भरणारा असला तर नंबर लवकर लागायचा. नंबर लागलेला माणूस स्कूटर घेऊन तशीच वरच्या भावाने विकायचा, हेही तुम्ही पाहिलं असेल.

त्या सगळ्या वर्षांत चेतकची जाहिरात आठवते का तुम्हाला? मलाही फारशी आठवत नाही. गरजच नव्हती. ‘हमारा बजाज’ आली ती १९८९मध्ये. तोवर कायनेटिक होंडा आणि एलएमएल वेस्पा रस्त्यावर आल्या होत्या, रांग आखूड झाली होती आणि गिऱ्हाइकाला दुसरीकडे जाता येत होतं. म्हणजे रांग होती तोवर जाहिरात नव्हती, आणि जाहिरात आली तेव्हा रांग सरत आली होती. आमच्या धंद्यातल्या माणसाला यातून जे कळायचं ते कळलं : लोकांच्या मनात रांगेबद्दल राग होता, पण रांगेतल्या वस्तूबद्दल मानही होता. तो मान परवाना नसताना कसा मिळवायचा, हे पुढच्या पिढीने शोधून काढलं.

२०१४ची गोष्ट घ्या. शाओमीने आपले फोन भारतात फक्त फ्लिपकार्टवर, तेही आधी नाव नोंदवलेल्यांनाच, ठरावीक दिवशी ठरावीक वेळेला विकायला काढले. २ सप्टेंबरला रेडमी वन-एसचे ४०,००० फोन ४.२ सेकंदांत गेल्याचं कंपनीने सांगितलं. परवाना कोणी अडवला नव्हता. नवी कंपनी, थोडा माल, जाहिरातीला पैसा नाही, म्हणून थोड्या मालाचीच जाहिरात केली. आमच्या ओळखीतली मुलं ऑफिसच्या चांगल्या इंटरनेटवर दोन मिनिटं आधीपासून बोट रोखून बसायची. ज्याला मिळाला तो पुढे वर्षभर प्रत्येकाला सांगत सुटायचा की मला मिळाला. हा फुकटचा प्रचारक. चेतकवाल्याने असं मिरवलं नसेल, असं मी म्हणणार नाही.

गंमत म्हणजे विजेवरची चेतक आल्यावर २०२१च्या एप्रिलमध्ये पुणे आणि बेंगळुरूत बुकिंग पुन्हा उघडलं आणि ४८ तासांत थांबवावं लागलं. तेव्हा जगभर सुट्या भागांची ओढाताण होती, त्यामुळे त्यातही मला जाहिरातवाल्यांचा हात दिसत नाही. काही गाड्यांच्या नशिबातच रांग असते. तुमचा नंबर शेवटी कोणत्या साली लागला, ते कळवा.

माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला लाबूबू बाहुली हवी आहे. घेतली, तर आता ‘सीक्रेट’वाली हवी म्हणून रडते. बंद खोक्यात काय निघेल ते कळत नाही. काय करू?
— आई, ठाणे

कासिंग लुंग या चित्रकाराने काढलेलं हे दातवालं पात्र पॉप मार्ट ही चिनी कंपनी विकते. बंद खोकं ही त्यातली सगळी कमाई. दुकानात माल ढीगभर असला तरी तुम्हाला हवा तो नग दुर्मिळच राहतो.

मुलीला गणिताच्या वहीत हे करून दाखवा. लाबूबूच्या बऱ्याच मालिकांमध्ये ‘सीक्रेट’, म्हणजे मुद्दाम कमी ठेवलेली बाहुली, निघण्याची शक्यता ७२मध्ये १ असते. म्हणजे ७२ खोकी घेतली की एक मिळालीच, असं तिला वाटत असणार. सुटी खोकी घेत गेलं तर ७२ घेऊनही मिळण्याची शक्यता साधारण ६३ टक्केच येते. मग एका खोक्याची किंमत गुणिले ७२ तिलाच करायला सांगा, खालीच लिहा की एवढे देऊनही हात रिकामा राहू शकतो. अकरा वर्षांच्या मुलीला हे नक्की कळतं. तिच्या बाबांना कळेल याची खात्री देत नाही, लॉटरीची तिकिटं कोण घेतं घरात ते तुम्हालाच माहीत.

आणि रस्त्यावर मिळणारी नक्कल, तिला मुलं ‘लाफुफू’ म्हणतात, ती स्वस्तात घेऊन दिली तर वर्गात चिडवतील. तेव्हा तो मार्ग मी सुचवत नाही.

मी येवल्याच्या विणकरांकडून पैठण्या घेऊन व्हॉट्सॲप ग्रुपवर विकते. ग्रुपवरच्या बाकीच्या जणी ‘लास्ट पीस’, ‘हरी अप लेडीज’, ‘आज रात्री बारापर्यंतच’ असं लिहितात आणि त्यांचा माल पटापट जातो. मला तसं लिहायला लाज वाटते. लिहावं का?
— घरगुती व्यावसायिक, नाशिक

तुम्ही लाजताय हे बघून मला हसू आलं, कारण या अंकात ज्यांची चर्चा केली त्या सगळ्यांत खरा कमी माल तुमच्याकडे आहे! हातमागावरची पैठणी साधी असली तरी काही आठवडे घेते, भरजरी पदराची असली तर महिनोन् महिने. एका मागावर एका वेळी एकच. तुम्ही ‘एकच आहे’ लिहिलंत तर ती जाहिरात होत नाही, ती नुसती माहिती असते. पॉवरलूमवर निघालेल्या, एकाच रंगाच्या शंभर सेमी-पैठण्या ठेवून ‘लास्ट पीस’ लिहिणारी बाई तुमच्यासारखीच दिसते, अडचण तेवढीच आहे. मग वेगळं दिसायचं कसं?

तिला जे लिहिता येत नाही ते लिहा. कोणत्या मागावर निघाली, पदरात काय आहे, मोर, मुनिया की असावली, काठ नारळी आहे का, विणायला किती दिवस लागले. विणकराची परवानगी असेल तर माग चालू असतानाचा फोटो टाका. पदराची उलटी बाजू दाखवा. हाताने विणलेल्या पदराची नक्षी मागूनही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते, मागे सुटे धागे लोंबत नाहीत. हे कळणाऱ्या बायका तुमच्या ग्रुपवर दोन-चार तरी असतील, बाकीच्यांना त्याच समजावतील. पैठणीला २०१०मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. सिल्क मार्क किंवा हँडलूम मार्कचं लेबल असेल तर त्याचाही जवळून फोटो.

आणि सर्वात महत्त्वाचं, पुढची कधी येणार ते लिहा. आमच्या सेलच्या जाहिरातींत मी कितीतरी वेळा ‘संपत आलं’ लिहिलं, ‘पुन्हा कधी येईल’ एकदाही लिहिलं नाही. कुठलाच क्लायंट ते लिहू देत नाही, कारण पुढची तारीख कळली की आजची घाई मेली. तुमचं उलटं आहे. ‘ही एकच. अशीच दुसरी मागावर चढली आहे, दिवाळीच्या आधी उतरेल, हवी असेल तर नाव सांगा’ असं लिहा. आज न घेणारी बाई त्या यादीत येते आणि विणकराला पुढचं काम आधीच ठरून मिळतं. तारीख सांगताना त्यात आठवडा-दोन आठवडे स्वतःहून वाढवा. विणकराच्या घरी लग्न निघतं, कोणी आजारी पडतं, माग थांबतो.

‘रात्री बारापर्यंत’ मात्र लिहू नका. पैठणीला रात्री बाराला काय होणार आहे? सकाळी ती तुमच्याच कपाटात असणार, आणि हे प्रत्येकीला माहीत आहे. ‘लास्ट पीस’ लिहून पंधरा दिवसांनी तोच जांभळा तोच काठ पुन्हा टाकलात, तर कोणी तोंडावर बोलणार नाही. पण ग्रुपवरच्या बायकांना साड्या कायम लक्षात राहतात.

तुमच्या पत्रात शेवटी एक छोटा प्रश्न होता : एकाच साडीवर दोघींनी एकदम ‘घेते’ लिहिलं तर? जिचा मेसेज आधी, तिची साडी. व्हॉट्सॲपवर वेळ दिसते, सगळ्यांनाच दिसते. दुसरीला त्याच वेळी, ग्रुपवरच, पुढच्या साडीची तारीख द्या. ‘मी पाचशे जास्त देते’ असं कोणी खाजगीत कळवलं तर नाही म्हणा. तो मेसेज कोणाच्या तरी जावेला दिसतोच. आणि मेसेज आला म्हणून साडी लगेच कुरिअरला देऊ नका, पैसे जमा झाल्यावर द्या.